एलएल.बी. पहिल्या वर्षाची उजळणी: संविदा, अपकृत्य, न्याय संहिता आणि संविधान

प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांच्या एलएल.बी.चं पहिलं वर्ष, परीक्षेला तीन आठवडे, विषय चार. नोट्स दोनदा वाचून झाल्या आहेत. थिअरीचं उत्तर लिहिता येतं, पण प्रॉब्लेम (काल्पनिक घटना देऊन कायदा लावायला सांगणारा प्रश्न) समोर आला की कोणतं कलम लावायचं ते सुचत नाही. अशा वेळी उजळणी कशी करावी?

नोट्स तिसऱ्यांदा वाचायला घेऊ नका. तिसऱ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. दुसरं म्हणजे चारही विषयांना एकच पद्धत लावू नका, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. संविदा (करार) कायद्यात आणि न्याय संहितेत (फौजदारी कायदा) अनेक कलमांखाली उदाहरणं छापलेली असतात. अपकृत्याला (टॉर्ट, म्हणजे भरपाई मागता येणारं दिवाणी गैरकृत्य) संहिताच नाही, तिथे निकालातली तथ्यं हीच उदाहरणं. संविधानात अनुच्छेद आखूड आणि निकाल लांब. त्यामुळे संविदेत घटनांचा क्रम पाहायचा, अपकृत्यात घटक मोजायचे, फौजदारीत मनातल्या हेतूची पायरी ठरवायची आणि संविधानात प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे ते पक्कं करायचं.

साहित्य फार लागत नाही. प्रत्येक विषयाचा ताजा बेअर अ‍ॅक्ट (टीकेविना छापलेला कायद्याचा मूळ मजकूर), कोरे कागद आणि विद्यापीठाच्या मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका. गाइड तीन आठवडे बाजूला ठेवलं तरी चालेल.

संविदा कायदा (१८७२)

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण इथे शिकलेली शिस्त बाकीच्या विषयांत कामी येते. वैध करारासाठी काय लागतं ते सांगणारं कलम १० हा पाठीचा कणा. कोऱ्या कागदावर कलम १० चे घटक लिहा आणि प्रत्येकापुढे कलमांचे आकडे मांडा: सक्षम पक्ष ११ व १२, मुक्त संमती १३ ते २२, कायदेशीर प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारं मोल) व उद्देश २३ व २४, आणि कायद्यानंच शून्य ठरवलेले करार २५ ते ३०. हा नकाशा न पाहता दहा मिनिटांत उतरवता आला पाहिजे. त्याआधी पुढे जाऊ नका.

मग उदाहरणं. कलमाखालचं उदाहरण घ्या, शेवटचं वाक्य हातानं झाका, स्वतः निष्कर्ष लिहा आणि हात काढा. कलम १६, १७, १९, २३, ५६ आणि ७३ यांची उदाहरणं अशी सोडवलीत तर प्रॉब्लेमच्या प्रश्नांची मोठी तयारी तिथेच होते. पेपर काढणारे याच उदाहरणांतली नावं, गावं आणि रकमा बदलतात.

मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती कलम ४ आणि ५ वर (प्रस्ताव आणि स्वीकृती केव्हा पूर्ण होतात, केव्हा मागे घेता येतात), म्हणून एक प्रॉब्लेम पूर्ण सोडवून दाखवतो. कोल्हापूरचा अनंत १ जूनला नांदेडच्या बशीरला पत्र पाठवतो: माझं यंत्र ८०,००० रुपयांना देतो. पत्र ४ जूनला पोचतं. दरम्यान ३ जूनला अनंतचं मन बदलतं आणि तो प्रस्ताव मागे घेत असल्याचं दुसरं पत्र टाकतो. बशीर ५ जूनला सकाळी ११ वाजता स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकतो. त्याच दिवशी दुपारी ४ वाजता त्याला अनंतचं दुसरं पत्र मिळतं. स्वीकृतीचं पत्र अनंतला ८ जूनला मिळणार असतं, पण ७ जूनलाच बशीर फोन करून 'मला यंत्र नको' असं सांगतो. करार झाला का?

उत्तराआधी तक्ता करा. घटना कोणती, ती अनंतच्या बाबतीत केव्हा पूर्ण होते आणि बशीरच्या बाबतीत केव्हा, असे तीन रकाने. स्वीकृतीचं पत्र बशीरच्या हातून सुटलं तो क्षण, म्हणजे ५ जून सकाळी ११, अनंतला बांधतो. बशीर स्वतः बांधला जातो तो स्वीकृती अनंतला कळल्यावर, म्हणजे ८ जूनला. प्रस्ताव मागे घेण्याचं पत्र बशीरच्या बाबतीत ते त्याला कळल्यावर, म्हणजे ५ जून दुपारी ४ ला पूर्ण झालं. कलम ५ नुसार प्रस्ताव मागे घ्यायचा तर स्वीकृती अनंतच्या बाबतीत पूर्ण होण्याआधी घ्यायला हवा होता. पाच तास उशीर झाला, म्हणून ते मागे घेणं निष्फळ. बशीरला मात्र ८ जूनपर्यंत मुभा होती आणि त्याचा फोन ७ जूनला पोचला. त्यामुळे तो सुटला, करार टिकला नाही. इंग्लिश पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी इथे चुकतो. तिथल्या नियमानुसार पत्र पोस्टात पडलं की दोघेही बांधले जातात, आपल्या कायद्यात स्वीकारणाऱ्याला ही फट ठेवलेली आहे.

हाच सौदा फोनवर झाला असता तर नियम बदलतो. भगवानदास गोवर्धनदास केडिया वि. गिरधारीलाल (१९६६) मध्ये प्रस्ताव अहमदाबादहून, स्वीकृती खामगावहून. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ठरवलं की स्वीकृती जिथे ऐकू आली तिथे करार झाला, म्हणून अहमदाबादला दावा चालेल. पत्र की फोन, हे प्रॉब्लेममध्ये आधी अधोरेखित करा.

निकाल एकेकटे पाठ करण्यापेक्षा जोडीनं करा. तथ्यं जवळजवळ सारखी आणि निकाल उलटा, अशी जोडी डोक्यात राहते. लालमन शुक्ला वि. गौरी दत्त (१९१३) मध्ये मुनीम हरवलेल्या मुलाला शोधून आणतो, पण बक्षिसाची बातमी त्याला नंतर कळते, म्हणून बक्षीस नाही. कार्लिल वि. कार्बोलिक स्मोक बॉल (१८९३) मध्ये बाई जाहिरात वाचून औषध वापरतात, म्हणून बक्षीस मिळतं. फरक एकच, प्रस्तावाची माहिती. धंदा-व्यवसायावर बंधन घालणाऱ्या करारांच्या कलम २७ साठी गोलीकरी वि. सेंच्युरी स्पिनिंग (१९६७) आणि पर्सेप्ट डी'मार्क वि. झहीर खान (२००६) ही जोडी घ्या. नोकरीच्या मुदतीतलं बंधन चाललं, कराराची मुदत संपल्यावर पुढे ओढलेलं बंधन नाही. 'बंधन वाजवी आहे' हा इंग्लिश युक्तिवाद कलम २७ पुढे फारसा टिकत नाही. उत्तरात तो मांडून वर गुणांची अपेक्षा ठेवणारे पुष्कळ असतात.

गुण जाण्याच्या ठरलेल्या जागा सांगतो. अज्ञानाचा (वयानं सज्ञान नसलेल्याचा) करार शून्यकरणीय (एका पक्षाला हवा तर रद्द करता येणारा) लिहिणं ही पहिली. मोहोरी बीबी वि. धर्मोदास घोष (१९०३) पासून तो मुळातच शून्य आहे, आणि गरजेच्या वस्तूंची भरपाई कलम ६८ खाली त्याच्या मालमत्तेतून होते, त्याच्याकडून वैयक्तिक नाही. दुसरी, चुकीचा समज: दोघांचा असेल तर कलम २० नं करार शून्य, एकाचाच असेल तर कलम २२ नुसार तेवढ्यानं करार शून्यकरणीयही होत नाही. तिसरी, करार पार पाडणं अशक्य होण्याचं कलम ५६. सत्यव्रत घोष वि. मुगनीराम बांगुर (१९५४) मध्ये 'अशक्य' शब्दाचा व्यवहारी अर्थ घेतला गेला, पण त्याच प्रकरणात करार विफल झाला नाही असं ठरलं, हा उत्तरार्ध निम्मे विद्यार्थी विसरतात. निव्वळ भाव वाढले म्हणून कलम ५६ लागत नाही. चौथी, कलम ७४: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नाही (फतेह चंद वि. बाळकिशन दास, १९६३).

पैजेच्या करारावर (कलम ३०) एक स्थानिक बाब लिहिली तर परीक्षक थांबून वाचतो. इतरत्र पैजेला आनुषंगिक असलेला करार त्याच कारणानं शून्य होत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात मात्र १८६५ च्या मुंबई अधिनियमामुळे तोही शून्य ठरतो.

भारतीय न्याय संहिता (२०२३)

१ जुलै २०२४ पासून लागू, ३५८ कलमं. जुन्या दंड संहितेत ५११ होती. पहिलं काम: गुन्ह्याची तारीख पाहा. ३० जून २०२४ च्या रात्रीपर्यंतचं कृत्य जुन्या संहितेखाली, त्यानंतरचं नव्या. प्रॉब्लेममध्ये तारीख नसेल तर नवं कलम लिहा आणि जुना आकडा सोबत द्या. जुने निकाल बाद झालेले नाहीत. शब्दरचना बरीचशी तीच असल्यामुळे ते चालतात, फक्त आकडा बदलून सांगावा लागतो.

हे जुळणीचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीवर लावा: सदोष मनुष्यवध २९९ चा १००, खून ३०० चा १०१, खुनाची शिक्षा ३०२ ची १०३, सदोष मनुष्यवधाची शिक्षा ३०४ ची १०५, निष्काळजीपणानं मृत्यू ३०४-अ चा १०६, चोरी ३७८ ची ३०३, खंडणी ३८३ ची ३०८, जबरी चोरी ३९० ची ३०९, दरोडा ३९१ चा ३१०, फसवणूक ४१५ व ४२० ची ३१८, कॉमन इंटेन्शन (समान इरादा) ३४ चं ३(५), बेकायदा जमावाचं कॉमन ऑब्जेक्ट (समान उद्दिष्ट) १४९ चं १९०, प्रयत्न ५११ चा ६२. हिसकावून नेणं (३०४), संघटित गुन्हेगारी (१११) आणि शिक्षा म्हणून समाजसेवा (कलम ४) हे नवे आहेत, टिपेत हमखास विचारले जातात. कलम १०६(२), म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकासाठीची तरतूद, बाकी संहितेबरोबर १ जुलै २०२४ ला लागू केली गेली नाही. उत्तरात तिचा आधार घेताना हे लिहा.

खून की सदोष मनुष्यवध, हा प्रश्न नेहमीचा. तो सोडवायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की उत्तर कोसळतं. आधी कलम १००: कृत्यामुळे मृत्यू झाला का, हेतू किंवा जाणीव होती का. मग कलम १०१ चे चार खंड एकेक करून तपासा. एखादा खंड लागला तर पाच अपवाद पाहा. अपवाद लागला तर १०५, नाही तर १०३. चारही खंड लागले नाहीत तरी १०५ वर या. हेतू असेल तर पहिला भाग, नुसती जाणीव असेल तर दुसरा. हेतूही नाही, जाणीवही नाही, फक्त बेफिकिरी, तर १०६.

समजा नळाच्या पाण्यावरून दोन शेजाऱ्यांची बाचाबाची झाली, एकानं तिथेच पडलेली काठी उचलून डोक्यात एक घाव घातला, दुसरा चार दिवसांनी गेला. 'एकच घाव, म्हणून खून नाही' असं लिहिणं चूक. विरसा सिंग वि. पंजाब राज्य (१९५८) मध्ये भाल्याचा एकच वार होता आणि तरी खून ठरला. तिथे विचारलेले प्रश्न असे: जखम कोणती, ती कशा स्वरूपाची, तीच जखम करायचा हेतू होता का, आणि अशी जखम सर्वसाधारणपणे मृत्यूला पुरेशी आहे का. शेवटचा प्रश्न वस्तुनिष्ठ असतो, आरोपीला काय वाटत होतं याला तिथे महत्त्व नाही. याची जोडी म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचा गोविंदाचा निकाल (१८७६): पतीनं पत्नीला पाडून छातीवर गुडघा दिला, तोंडावर ठोसे मारले, ती मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. खून ठरला नाही, सदोष मनुष्यवध ठरला. आपल्या प्रॉब्लेममध्ये काठी आधीच आणलेली नव्हती, भांडण अचानक झालं, पडलेल्या माणसावर पुन्हा वार नाही. म्हणून अपवाद ४ (अचानक झालेलं भांडण) मांडा. काठी घरात जाऊन आणली असती तर उत्तर बदललं असतं, हे वाक्यही लिहा. तथ्य बदललं की निष्कर्ष कसा बदलतो हे दाखवणाऱ्याला गुण जास्त पडतात.

अपवाद १, अचानक आणि गंभीर चिथावणी, यासाठी नानावटी वि. महाराष्ट्र राज्य (१९६२) पुरेसा आहे. पत्नीची कबुली ऐकल्यावर कुटुंबाला सिनेमागृहात सोडणं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेणं, मग फ्लॅटवर जाणं, यात सुमारे तीन तास गेले. एवढा वेळ डोकं शांत व्हायला पुरेसा होता. निकालाभोवतीचा सामाजिक गाजावाजा उत्तरात आणू नका.

मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी एकाच घटनेत एकेक तथ्य वाढवत जा. पाकीट नकळत उचललं: चोरी. भीती घालून त्यालाच द्यायला लावलं: खंडणी. चोरी करताना मारहाण केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली: जबरी चोरी. तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं: दरोडा. चार जण असले तर दरोडा नाही, आणि हा आकडा प्रॉब्लेममध्ये मुद्दाम पेरलेला असतो.

अपकृत्य आणि ग्राहक संरक्षण

इथे कलम शोधत बसू नका. प्रत्येक अपकृत्याचे तीन-चार घटक आणि बचाव, एवढंच कार्डावर. निष्काळजीपणा: काळजीचं कर्तव्य, त्याचा भंग, त्यातून नुकसान. परीक्षेत तिसऱ्या घटकाकडे दुर्लक्ष होतं. कारणसंबंध आणि नुकसानाची दूरस्थता (नुकसान कृत्यापासून फार लांबचं तर नाही ना) यांवर दोन-दोन वाक्यं हवीतच. वैद्यकीय निष्काळजीपणासाठी लक्ष्मण बाळकृष्ण जोशी वि. त्र्यंबक बापू गोडबोले (१९६९) हा आपल्याकडचा निकाल घ्या. डॉक्टरच्या कर्तव्याचे टप्पे त्यात नीट मांडलेले आहेत: रुग्ण घ्यायचा की नाही, उपचार कोणता, आणि तो कसा द्यायचा. फौजदारी बाजू आली तर जेकब मॅथ्यू (२००५).

चूक नसली तरी जबाबदारी येते हे सांगणाऱ्या रायलँड्स वि. फ्लेचर (१८६८) आणि एम. सी. मेहता (१९८७) यांतला फरक लिहिताना व्याख्येपेक्षा बचावांची यादी समोरासमोर ठेवा. पहिल्यात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य, वादीची संमती किंवा चूक, कायद्याची परवानगी हे बचाव आहेत. दुसऱ्यात, म्हणजे दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीच्या प्रकरणात, धोकादायक उद्योगाला यातला एकही बचाव नाही, आणि भरपाई उद्योगाच्या आवाक्याच्या प्रमाणात.

सरकारच्या जबाबदारीची जोडी विद्यावती (१९६२) आणि कस्तुरीलाल (१९६५). सरकारी जीपचा चालक दुरुस्तीनंतर गाडी आणताना एकाला उडवतो: सरकार जबाबदार. पोलिसांच्या ताब्यातलं सोनं हवालदार घेऊन पसार होतो: सरकार जबाबदार नाही, कारण ताबा सार्वभौम अधिकारातून आलेला. इथे थांबलात तर उत्तर अर्धं राहील. निलाबती बेहेरा (१९९३) मध्ये मूलभूत हक्काच्या भंगाला सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही असं ठरलं, ते जोडा.

ग्राहक कायद्यात जुन्या पुस्तकांनी घात होतो. २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून बहुतांशी लागू झाला, आणि त्यातल्या आर्थिक मर्यादा नंतर नियमांनी बदलल्या: जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. मोजायचं ते दिलेलं मोल, मागितलेली भरपाई त्यात मिळवायची नाही. प्रॉब्लेममध्ये '१२ लाखांची गाडी, ६० लाखांची भरपाई' असं आलं तर उत्तर जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. ग्राहक स्वतः राहतो तिथेही तक्रार करता येते.

संविधान

इथे वाचायला अमाप आहे आणि तीन आठवड्यांत सगळं होणार नाही. मूलभूत हक्क, त्यांचे उपाय आणि घटनादुरुस्ती एवढं पक्कं करा.

हक्कांच्या प्रॉब्लेमला प्रश्नांचा क्रम असा: समोरचा पक्ष अनुच्छेद १२ मधल्या 'राज्य' या व्याख्येत बसतो का, कृत्य अनुच्छेद १३ मधला 'कायदा' आहे का, कोणता हक्क, तो नागरिकालाच आहे की कुणालाही (१९ नागरिकांना, १४ आणि २१ सर्वांना), निर्बंध घटनेनं दिलेल्या कारणांत बसतो का, आणि मग ३२ (सर्वोच्च न्यायालय) की २२६ (उच्च न्यायालय). उच्च न्यायालयाचा २२६ चा अधिकार इतर कायदेशीर हक्कांसाठीही वापरता येतो, ३२ फक्त मूलभूत हक्कांसाठी.

अनुच्छेद १३ चे सिद्धांत सुटे पाठ करण्याऐवजी मुंबई राज्य वि. एफ. एन. बलसारा (१९५१) एकदा मन लावून वाचा. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ ला आव्हान होतं. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी टिकली नाही, उरलेला कायदा टिकला. एका निकालात विधानाचं सार (कायद्याचा खरा गाभा कोणता ते पाहणं) आणि विलगता (अवैध भाग वेगळा काढून उरलेला टिकवणं) दोन्ही सिद्धांत हाताशी येतात. वैयक्तिक कायदा अनुच्छेद १३ मध्ये येतो का, यावर नरसू अप्पा माळी हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल.

घटनादुरुस्ती ही साखळी आहे, ती उभ्या रेघेवर लिहा: शंकरी प्रसाद १९५१, सज्जन सिंग १९६५, गोलकनाथ १९६७, २४ वी दुरुस्ती १९७१, केशवानंद भारती २४ एप्रिल १९७३ (१३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६), ४२ वी दुरुस्ती १९७६, मिनर्व्हा मिल्स १९८०, वामन राव १९८१, कोएल्हो २००७. प्रत्येकापुढे फक्त 'संसदेचा अधिकार वाढला की आवळला' एवढं लिहा. वामन राव महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरून उभा राहिला आणि त्यात २४ एप्रिल १९७३ ही तारीख नवव्या अनुसूचीसाठी (तीत टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण देणारी यादी) सीमारेषा ठरली.

वेळ आणि पेपर

२१ दिवसांतले सहा संविदेला, पाच न्याय संहितेला, चार अपकृत्याला, तीन संविधानाला. उरलेले तीन दिवस घड्याळ लावून जुने पेपर सोडवण्यासाठी. रोज शेवटचा अर्धा तास आदल्या विषयाचा नकाशा न पाहता उतरवायला ठेवा. त्यात जे सुटलं तेच दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वाचा.

पेपरात वेळ गुणांनी भागा. १५० मिनिटं आणि ७५ गुण असतील तर गुणामागे दोन मिनिटं, म्हणजे १२ गुणांच्या उत्तराला २४. प्रॉब्लेमचं उत्तर चार भागांत: मुद्दा एका वाक्यात, कलम घटकांसह, घटक तथ्यांना लावणं, निष्कर्ष. निम्मी जागा तिसऱ्या भागाला द्या. 'वरील कलमानुसार आरोपी दोषी आहे' असं एका ओळीत उरकलं की कलम बरोबर असूनही गुण जातात. प्रॉब्लेमची तथ्यं उत्तराच्या सुरुवातीला उतरवून काढू नका, त्याला शून्य गुण असतात.

मराठीतून लिहीत असाल तर कायद्याच्या अधिकृत मराठी पाठातले शब्द वापरा आणि एक शब्द धरला की शेवटपर्यंत तोच ठेवा. शून्य आणि शून्यकरणीय यांच्या जागी 'रद्द' लिहिलं तर तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय ते परीक्षकाला कळत नाही. निकालाचं नाव आठवलं आणि वर्ष आठवलं नाही तर वर्ष सोडून द्या. नावही आठवत नसेल तर 'फोनवरून झालेल्या सौद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असं ठरवलं' असं तथ्यावरून लिहा, त्यालाही गुण मिळतात.